लिफाफा उघडल्यानंतर काय?

वाघोलीची ग्रामपंचायत ३० जून २०२१ रोजी संपली. त्या दिवशीच्या शासकीय अधिसूचनेने पुण्याभोवतालची तेवीस गावे महानगरपालिकेत विलीन झाली आणि नगर रस्त्यावरचे, एकेकाळी दगडखाणींसाठी व वाघेश्वराच्या देवळासाठी ओळखले जाणारे हे गाव शहराचा भाग बनले. विलीनीकरणाविषयी त्या वेळी बरेच लिहिले व बोलले गेले. मिळकतकर किती वाढणार, नळाचे पाणी केव्हा येणार, टँकरच्या रांगा कधी संपणार, सात-बाऱ्यावरील बांधकामांचे काय होणार, हे प्रश्न स्वाभाविकच होते. परंतु त्याच दिवशी आणखी एक गोष्ट बदलली व तिची चर्चा फारशी कोणी केली नाही. गावाच्या पैशाने माल विकत घेण्याची आणि कामे ठेक्याने देण्याची रीतच बदलली. एका कायद्याखाली चालणारा व्यवहार रातोरात दुसऱ्या कायद्याखाली गेला.

ग्रामपंचायतीचा व्यवहार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने बांधलेला असतो. ग्रामनिधीतील पैसा सरपंच व ग्रामविकास अधिकारी यांच्या संयुक्त सहीने निघावयाचा, कामाचे अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने तपासावयाचे, झालेल्या कामाची मापे मोजमाप वहीत चढावयाची आणि वर्षाचा जमाखर्च, मागील लेखापरीक्षणातील शेऱ्यांसह, ग्रामसभेपुढे ठेवावयाचा. हिशेबाचे तेहतीस नमुने ठरलेले आहेत. यांतील नमुना आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, सर्वांच्या परिचयाची. कारण घराचा दाखला काढावयाचा तर तीच लागते. बाकीच्या नमुन्यांकडे सामान्य माणूस वळत नाही. परंतु वळावेसे वाटले तर कार्यालय हाकेच्या अंतरावर होते आणि वर्षातून निदान चार वेळा ग्रामसभा बोलावण्याचे बंधन कायद्याने घातलेले होते.

महानगरपालिकेचा कारभार १९४९ च्या अधिनियमाने चालतो. त्यात करार करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. ठरावीक रकमेवरील करारास स्थायी समितीची पूर्वसंमती लागते. अनुसूची ‘ड’ मधील नियमांप्रमाणे करार करण्यापूर्वी किमान सात दिवस स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवाव्या लागतात, आणि निविदेवाचून काम द्यावयाचे असेल तर त्याची कारणे स्थायी समितीच्या कार्यवृत्तात नोंदवावी लागतात. ही शेवटची तरतूद शहाणपणाची आहे. अपवादाला बंदी घालून अपवाद थांबत नाहीत. मात्र त्याचे कारण लिहून ठेवावे लागले की सही करणारा हात थोडा थबकतो.

ग्रामपंचायतीच्या कारभाराचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. गावात सगळेच एकमेकांचे सोयरे असतात. पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो असे कलम १४ सांगते. महापालिकेच्या कायद्यातील कलम १० नगरसेवकाला तेच सांगते. दोन्ही ठिकाणी यावरची पळवाट एकच, ती म्हणजे मेहुण्याच्या नावाने ठेका. परंतु गावात तो मेहुणा कोण हे सर्वांना ठाऊक असते, आणि रस्ता उखडला तर त्याच रस्त्याने त्यालाही घरी जावे लागते. पाचशे चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेल्या महानगरात हा धाक राहत नाही. त्याची जागा नियमांनी भरून काढावयाची असते.

येथे वाघोलीच्या वाट्याला एक विचित्र योग आला. विलीनीकरणानंतर नऊ महिने होतात न होतात तोच, १४ मार्च २०२२ रोजी, पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढे जवळजवळ चार वर्षे निवडणूक झाली नाही. आयुक्त हेच प्रशासक झाले. ज्या आयुक्तांनी स्थायी समितीकडे कराराची संमती मागावयाची, त्यांच्याचकडे स्थायी समितीचे आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार आले. प्रस्ताव पाठवणारा व प्रस्ताव मंजूर करणारा एकच. यात कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर संशय घेण्याचे कारण नाही. कदाचित काही कामे त्यामुळे लवकर मार्गी लागलीही असतील. परंतु १९४९ च्या कायद्याने पैसा मागणारा आणि पैसा देणारा यांच्यात जी भिंत घातली होती ती त्या काळात उरली नव्हती, आणि नेमक्या त्याच काळात वाघोलीकरांच्या हातून ग्रामसभाही गेलेली होती.

तीन लाखांची रेषा

खरेदीचे नियम अद्ययावत करण्याची भाषा निघाली की पहिला वाद रकमेच्या मर्यादेवर होतो. महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये तीन लाख रुपयांवरील कामांसाठी व खरेदीसाठी ई-निविदा सक्तीची केली. १ डिसेंबर २०१६ रोजी उद्योग विभागाने खरेदीच्या कार्यपद्धतीची सुधारित नियमपुस्तिका काढली. तिच्यातही तीन लाखांच्या आत दरपत्रके व त्यावर निविदा अशीच विभागणी होती. स्थानिक संस्थांचे खरेदीचे व्यवहार मुख्यतः याच पुस्तिकेच्या आधाराने चालत आले आहेत. आता रुपयाची किंमत घटते, पण शासन निर्णयातील आकडा आपोआप वाढत नाही. त्यामुळे काही वर्षांत किरकोळ कामेही मोठ्या कामांच्या रांगेत जाऊन बसतात, कारकुनाचे टेबल फायलींनी भरते आणि मग ‘तुकडे पाडण्या’ची कला जन्माला येते. नऊ लाखांचा रस्ता तीन गल्ल्यांत वाटला की प्रत्येक तुकडा रेषेखाली येतो. पुस्तिकेने असे तुकडे पाडण्यास मनाई केली आहे, हे सांगावयास नको; आणि ती मनाई कोणी किती मनावर घेतली हेही सांगावयास नको.

रेषा वर सरकवावी की खाली आणावी हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. रेषेच्या खाली जे चालते ते कोणी पाहत नाही, हे खरे दुखणे आहे. तीन दरपत्रके मागवावीत, सर्वांत कमी दराचे स्वीकारावे, हा नियम दिसावयास निर्दोष आहे. प्रस्तुत लेखक एका शाळेच्या खरेदी समितीवर असताना बाकांच्या दुरुस्तीसाठी अशी तीन दरपत्रके आली. तीन वेगळी दुकाने, तीन वेगळे शिक्के, दरही वेगळे. परंतु तिन्ही कागदांवर ‘दुरुस्ती’ हा शब्द ‘दुरूस्ति’ असा लिहिलेला होता. बत्तीस वर्षे शुद्धलेखनाच्या वह्या तपासलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटणे शक्य नव्हते. समितीत मी तसे बोलून दाखवताच एका सहकाऱ्याने हसून सांगितले, ‘गुरुजी, नियमाप्रमाणे तीन हवी होती, तीन आहेत.’ कागद पूर्ण होता, म्हणून काम दिले गेले. बाके दोन वर्षांत पुन्हा मोडली. त्या वेळी मीही सही केली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

दरपत्रकांच्या जागी संगणकावरची निविदा आली म्हणून हा खेळ थांबतो, अशी कोणाची समजूत असेल तर पुण्यातलेच उदाहरण पाहावे. महापालिकेने २०१३ ते २०१५ या काळात घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी ज्या निविदा मागवल्या, त्यांतील काहींमध्ये कंपन्यांनी आपसांत संगनमत करून दिखाऊ निविदा भरल्या, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये काढला आणि त्या कंपन्यांना दंड ठोठावला. कोणी जिंकावे हे आधी ठरवावयाचे आणि इतरांनी केवळ संख्या भरण्यासाठी चढे दर टाकावयाचे, अशी ही रीत. ठेकेदारांच्या भाषेत याला ‘रिंग’ म्हणतात. या प्रकरणातील लक्षात घेण्याजोगा भाग निराळाच आहे. स्पर्धा कायद्यात जो गुन्हा कबूल करून माहिती देईल त्याचा दंड कमी करण्याची सोय आहे, आणि सहभागी कंपन्यांनीच त्या सोयीचा लाभ घेण्यासाठी अर्ज केले. शाळेतल्या त्या तीन दरपत्रकांचाच हा मोठा अवतार होता. फरक एवढाच की शाळेत कबुली देणाऱ्याला कसलीच सवलत नव्हती.

हेही मान्य केले पाहिजे की निविदेने कधी कधी मोठे नुकसान टळते. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी दोनशे कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले. त्याच वर्षी योजनेच्या कामांच्या निविदा अंदाजापेक्षा बऱ्याच चढ्या दराने आल्या, त्यावरून गदारोळ झाला आणि फेरनिविदा काढावी लागली. कर्जावरचे व्याज दरम्यान चालूच होते, ही त्या वेळच्या घाईची किंमत. तरीही दर उघडपणे कळले म्हणूनच आरडाओरड करता आली, हे नाकारता येत नाही.

उपाहारगृहाची गोष्ट

अटी कशा असाव्यात याविषयी आपल्या देशातील पायाभूत निकाल मुंबईच्या विमानतळावरील एका उपाहारगृहावरून झाला, हे आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित ठाऊक नसेल. विमानतळ प्राधिकरणाने तेथे दुय्यम दर्जाचे उपाहारगृह व दोन अल्पोपाहार केंद्रे चालवण्यासाठी निविदा मागवल्या. अर्जदार नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलचालक असावा व त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. ज्याची दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैशांची निविदा सर्वांत मोठी ठरली, त्याच्यापाशी उपाहारगृहे चालवण्याचा अनुभव होता, पण अटीतला दर्जा नव्हता. प्राधिकरणाने ठेका त्यालाच दिला. रमण दयाराम शेट्टी यांच्या या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितले की शासकीय संस्थेने जी अट स्वतः जाहीर केली ती तिने स्वतः पाळली पाहिजे. अट मनमानेल तशी सैल करणे म्हणजे, ती सैल होणार हे ठाऊक नसल्यामुळे जे अर्ज करावयास आलेच नाहीत त्यांच्यावर अन्याय. न्यायालयाने याचिका मात्र फेटाळली, कारण अर्जदार उशिरा आला होता व त्याचा स्वतःचा हेतू संशयास्पद होता. तत्त्व राहिले, ठेकाही राहिला!

त्या निकालाने अट सैल करण्यावर बंधन आले. मग अट घट्ट करण्याचा मार्ग सापडला. डांबराचा प्रकल्प अमुक किलोमीटरच्या आत असावा, तमुक यंत्र स्वतःच्या मालकीचे असावे, मागील तीन वर्षांत याच प्रकारचे इतक्या रकमेचे काम केलेले असावे, अशा अटींपैकी प्रत्येकीला सकृद्दर्शनी कारण असते. पण सर्व अटी एकत्र वाचल्या की त्या शिंप्याने एकाच अंगावर माप घेऊन शिवल्यासारख्या दिसतात. नियम अद्ययावत करताना निदान एवढे करता येईल की प्रत्येक विशेष अटीसमोर तिचे कारण व ती सुचवणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम लिहावे. अनुसूची ‘ड’ मध्ये निविदेवाचून दिलेल्या कामाला जे बंधन आहे तेच येथे का असू नये?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपले सारे नियम, १९४९ चे काय आणि २०१६ चे काय, लिफाफा उघडण्याच्या क्षणापर्यंत जागे असतात. जाहिरात किती दिवस असावी, बयाणा रक्कम किती, तांत्रिक लिफाफा आधी की दराचा, समितीत किती सदस्य, या सर्वांचे बारीक वर्णन त्यांत सापडते. कार्यादेश निघाला की मात्र त्यांचा डोळा लागतो. पैसा तर त्यानंतर खर्च होतो. ज्याने अंदाजापेक्षा तीस टक्के कमी दर भरला त्याच्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते हे ठीक. पण तो तूट कोठून भरून काढतो? ‘जादा बाबी’ निघतात, मूळ अंदाजपत्रकात नसलेला मुरूम अचानक लागतो, मुदतवाढ मिळते, मुदतवाढीबरोबर भाववाढ मिळते, आणि मोजमाप वहीत खडीचा थर इंचभर जाड होतो. वाघोलीसारख्या भागात टँकरच्या फेऱ्यांचे बिल हे याचे सर्वांत साधे रूप. फेरी झाली की नाही हे ज्या सोसायटीला पाणी मिळाले ती सांगू शकते. परंतु बिल मंजूर करताना तिला कोणी विचारत नाही.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक खरेदीचा २०२३ चा कायदा २४ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला. तेथे स्थानिक कौन्सिले करारांविषयीचे आपले स्थायी नियम स्वतःच्या सभेत करतात. १९७२ च्या कायद्याने त्यांना तो अधिकार दिला आहे. नवा कायदा आल्यावर त्यांना आपापले नियम तपासून दुरुस्त करावे लागले. त्या कायद्यातील एक गोष्ट आपण उचलावी अशी आहे. मोठ्या करारात नंतर बदल केला तर त्या बदलाचीही जाहीर सूचना द्यावी लागते. निविदा जाहीर व करार गुप्त, अशी विभागणी तेथे हळूहळू मोडत आहे. आपल्याकडे तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये खरेदीतील पारदर्शकतेसाठी विधिमंडळात कायदे केले. केंद्राचे २०१२ चे विधेयक २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. महाराष्ट्राने शासन निर्णयाचा मार्ग धरला. शासन निर्णय एका सहीने येतो व दुसऱ्या सहीने बदलतो. त्यावर सभागृहात चर्चा होत नाही, आणि चर्चा न झालेला नियम कारकुनाखेरीज कोणी वाचत नाही.

जळगावचे हात

सभागृहात चर्चा झाली म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. जळगाव नगरपालिकेची घरकुल योजना ही त्याची खूण आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील त्या योजनेतील २९ कोटींच्या गैरव्यवहाराची फिर्याद तत्कालीन आयुक्तांनी २००६ मध्ये दिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवले. त्या निकालाविरुद्ध आरोपी वरच्या न्यायालयात गेले, हे खरे. म्हणून दोषादोषाची चर्चा येथे नको. परंतु दोषी ठरवलेल्यांत ठेकेदार व माजी मंत्री यांच्याबरोबर मोठ्या संख्येने नगरसेवक होते, ही गोष्ट प्रत्येक नव्या नगरसेवकाने जाणून घ्यावयास हवी. सभेत ठरावाला हात वर करताना, तो हात म्हणजे आपली सही आहे असे फार थोड्यांना वाटते.

पुणे नगरपालिकेच्या इतिहासात याच्या उलट टोकाचा एक प्रसंग आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, त्यामुळे सार्वजनिक बांधकामात पैसा कसा मुरतो हे त्यांना आतून माहीत होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या भेटीनिमित्त १८८० मध्ये एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, हा पैसा शिक्षणाकडे वळवावा असे म्हणून त्यांनी विरोधी मत दिले. ते एकटेच होते. ठराव संमत झाला. पण ते एक मत नोंदले गेले म्हणून आज आपल्याला तो हजार रुपयांचा खर्च ठाऊक आहे.

आता नगरसेवक पुन्हा आले आहेत, स्थायी समितीही आली आहे. परंतु वाघोलीची ग्रामसभा परत आलेली नाही. वस्तुतः तिला पर्याय कायद्यातच आहे. महापालिकांच्या अधिनियमात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र यावे, आपल्या भागातील कामे सुचवावीत, त्यांचा अग्रक्रम ठरवावा, अशी ती कल्पना. शहरांत ती कागदावरच राहिली, कारण शहराला ग्रामसभेची सवय नव्हती. विलीन झालेल्या गावांना ती आहे. करारांचे नियम नव्याने लिहावयाचे तर त्यात दोन ओळींची भर घालता येईल: कोणत्याही कामाचे अंतिम देयक देण्यापूर्वी त्या कामाचा करार, त्यातील प्रत्येक बदल व मोजमाप वहीची नक्कल त्या भागातील क्षेत्रसभेपुढे ठेवावी, आणि सभेने घेतलेले आक्षेप, ते मान्य असोत वा नसोत, देयकाला जोडावेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. त्याच्या कलम ४ प्रमाणे माहिती न मागता प्रसिद्ध करावयाची असते. तरीही आज मोजमाप वहीचे एक पान मिळवावयाचे म्हणजे अर्ज, तीस दिवस, पहिले अपील, दुसरे अपील. रोजगारासाठी सकाळी सातला घर सोडणाऱ्या माणसाला हे कसे जमावे?

यावर अधिकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे: सामान्य माणसाला मोजमाप वही कळणार नाही, उगाच तक्रारी वाढतील आणि ठेकेदारांची बिले तुंबतील. बिले तुंबली तर पुढच्या निविदेत दर चढतात, हा त्यातील खरा भाग. म्हणून आक्षेपासाठी पंधरा दिवसांची मुदत घालावी व ती संपताच देयक द्यावे. ‘कळणार नाही’ हे मात्र मान्य होण्याजोगे नाही. लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार, एवढेच त्या वहीत असते. घनफळ काढावयास आपण शाळेतल्या मुलांना शिकवतो. वाघोलीतील एखाद्या शाळेच्या वरच्या वर्गाने दाराशी झालेल्या रस्त्याची टेप लावून मापे घ्यावीत आणि ती वहीतील आकड्यांशी ताडून पाहावीत. फार तर एक शनिवार जाईल. जुन्या ग्रामपंचायतीची मालमत्ता व दप्तर २०२१ पासून महापालिकेकडे आहे. क्षेत्रसभेच्या पहिल्या बैठकीत त्या दप्तरातील अखेरच्या वर्षाची मोजमाप वही आणि महापालिकेने केलेल्या पहिल्या रस्त्याची मोजमाप वही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते.